रोटी राखणारी

कचेरीतल्या बाई कागद घेऊन आल्या तेव्हा मी मेंढवाड्यात फावडं चालवत होते. हिवाळाभर मेंढ्यांनी तुडवून तुडवून लेंड्यांचा थर दगडासारखा घट्ट झालेला असतो. वसंतात तो विटांसारखा कापायचा, उन्हात रचायचा, की झालं पुढच्या हिवाळ्याचं जळण. ह्या कामात माझा हात धरणारा गल्लीत कोणी नाही. वीट मोडत नाही माझी. पण ह्या साली थर पातळ होता, कारण तुडवायला मेंढ्याच उरल्या नव्हत्या.

फेब्रुवारीत पाऊस पडला होता. फेब्रुवारीत पाऊस म्हणजे घात. तो तसाच गोठला आणि सगळ्या कुरणावर काच पसरली. मेंढ्या खुरांनी खरवडत राहिल्या, खुरं रक्ताळली, पण गवतापर्यंत पोचल्या नाहीत. आम्ही छपरावरचा जुना पेंढासुद्धा उपसून घातला. कुबातने आणि मी मेंढ्या उचलून घरात आणल्या, चुलीजवळ निजवल्या, तरी सकाळी काही उठायच्याच नाहीत. शेवटी अठरा राहिल्या. अठरा मला मोजता येतात. वीसच्या पुढे येत नाहीत.

कुबात माझा धाकटा भाऊ. माझ्या पाठीवर मुलगा यावा म्हणून माझं नाव बुरूल, म्हणजे 'वळ', ठेवलं, आमच्यात तसं ठेवतात. मुलगा आला. मी तेव्हा सात वर्षांची होते आणि मला अजून बोलता येत नव्हतं. आता मी एकेचाळीस वर्षांची आहे आणि बोलते, कधी कधी लोकांना नको इतकं बोलते. शाळेत मला तिसरीत तीनदा बसवलं आणि मग घरी पाठवलं. मला कळतं. उशिरा कळतं, पण कळतं. लोक तेवढं थांबत नाहीत.

"आत बसू या ना," माझी भावजय जिपार बाईंना म्हणाली. "इथं वास येतो."

"चालेल इथंच," बाई म्हणाल्या आणि ओट्यावर टेकल्या. त्यांनी मला विचारलं, "बुरूल, घरात तुम्हाला मदत कोण करतं?"

"मीच बघते सगळं," जिपार म्हणाली. "औषध, कपडे, जेवण. चुलीला तर हातसुद्धा लावू देत नाही."

"त्यांना बोलू द्या."

मी हात स्कर्टला पुसले. "आपा," मी म्हटलं.

जिपार हळू आवाजात म्हणाली, "आपा वारल्या हो. सासूबाई. शरदातच."

"मला माहीत आहे वारली ते. तरी करते मदत. बूट उलटे घातले की तिचा आवाज येतो, बुरूल, पाय बघ."

बाईंनी लिहिलं. काय लिहिलं ते मला वाचता आलं नाही. मग त्यांनी विचारलं, वाईट वाटलं की कोणाशी बोलता, आजारी पडलात तर कोण नेतं, बाहेर एकट्या जाता का. मी एकेकाचं उत्तर दिलं, जिपारने एकेक दुरुस्त केलं. शेवटी मीच म्हटलं, "आता मी कोणाला मदत करते ते लिहा."

बाई हसल्या. वाईट नाही हसल्या. "तसा रकानाच नाही ह्यात."

रकाना असता तर मी सांगितलं असतं. कुबातला मी पाठीला बांधून वाढवलं. तो फौजेत गेला तेव्हा त्याने चावलेली रोटी मी राखली. लांब जाणाऱ्याने घरच्या रोटीचा एक घास तोडायचा आणि उरलेली रोटी तो परत येईपर्यंत भिंतीवर टांगून ठेवायची, ही आमची रीत. आपाने ती खिळ्याला टांगली होती, पण उंदरांपासून राखली मी. वर्षभर रोज संध्याकाळी बोटांनी चाचपून बघितली. तो आला आणि ती दगडासारखी रोटी चहात बुडवून त्याने खाल्ली. आणि आपा अंथरुणाला खिळली तेव्हा दोन वर्षं तिला कुशीवर वळवायचं काम माझं. जिपारची कंबर दुखायची. आपाच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही मी.

चुलीची गोष्ट खरी आहे, ती लपवत नाही. तीन वर्षांपूर्वी कोळसा पुरता जळायच्या आधी मी धुराड्याची झडप लावली. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून लावली, आणि कोळशाचा विषारी धूर आतच कोंडला. पहाटे कुबातने दार फोडलं आणि आपाला आणि मला ओढत बर्फात काढलं. त्या दिवसापासून चूल जिपारची. मी जवळ गेले की ती म्हणते, "एजे, तुम्ही बसा." थोरल्या बहिणीला एजे म्हणतात, जिपारही मला तसंच म्हणते, मानाने म्हणते. पण दिवसभर बसा बसा ऐकून माणूस थकतं.

बाई गेल्यावर मी विचारलं, "हा कागद कशाचा?"

"असाच," जिपार म्हणाली. माझ्या टाचांना भेगा पडल्या होत्या, तिने मेंढीच्या शेपटीची चरबी गरम करून आणली आणि मला खाली बसवून स्वतः चोळली. ती कामाची आहे. वाईट नाही. मी तिच्या डोक्याकडे बघत होते. तिने वर बघितलं नाही.

कुबात दुसऱ्या दिवशी शहरातून आला. चहा झाला, पोरांनी रोटी-साय खाल्ली, आणि त्याने खिशातून पासपोर्टची दोन लाल पुस्तकं काढून जेवणाच्या कापडावर, दस्तरखानावर, ठेवली.

"एजे, मी आणि जिपार मॉस्कोला चाललो. बांधकामावर. तिलाही तिथं स्वयंपाकाचं काम मिळतंय."

"आणि पोरं?"

"तिच्या आईकडे."

"आणि मेंढ्या?"

"बेइशेन आबांना विकल्या. बोलणं झालं."

मी थांबले. पुढचं कोणी बोलेना, म्हणून मीच म्हटलं, "बरं. मी घर राखीन."

कुबातने चुलीकडे बघितलं. जिपारनेही चुलीकडे बघितलं. पोरगी पाच वर्षांची, तीसुद्धा बघायला लागली.

"घराला कुलूप लावणार एजे," कुबात म्हणाला. "तुझ्यासाठी एक जागा बघितली आहे. तालुक्याच्या पुढं. सरकारी घर आहे, तुझ्यासारख्या बायका असतात. डॉक्टर आहे. नळाला गरम पाणी येतं."

"मी नाही जाणार."

"एकदा बघ तरी."

"तू म्हणालास गरम पाणी. मला गार पाणी चालतं."

तो हसला नाही. एरवी माझ्या असल्या बोलण्यावर तो हसतो. लहानपणी मला वेडी म्हणणाऱ्या पोरांची डोकी त्याने फोडली आहेत, आणि घरी येऊन त्यांच्याच आवाजात मला चिडवलं आहे. त्या दिवशी त्याने लाल पुस्तकं उचलून परत खिशात घातली आणि बाहेर जाऊन घोड्याचा खरारा करत बसला. घोडाही विकलेलाच होता.

आमच्या गल्लीत मेंढ्या पाळीने चारायच्या. आज ह्या घराने, उद्या त्या घराने, सगळ्यांच्या मेंढ्या डोंगरावर न्यायच्या आणि संध्याकाळी पुलावर आणून द्यायच्या. आपा होती तेव्हा लोक आपली पाळी मला द्यायचे. कोणाला लग्नाला जायचं असे, कोणाचे गुडघे दुखायचे. मी खिशात रोटी आणि वाळवलेल्या दह्याच्या चार गोळ्या टाकून निघायची. आपा गेल्यावर जिपारने ते बंद केलं. "लोक म्हणतात नणंदेला राबवते," असं म्हणाली. मला राबायला आवडत होतं. पण लोकांना ते कोण सांगणार?

मेच्या सुरुवातीला आमची पाळी आली. कुबात कागदांसाठी पुन्हा शहरात गेला होता. धाकट्या पोराला ताप होता, जिपारला त्याला सोडवेना. मेंढ्या तर दारात येऊन ओरडत होत्या. जिपारने मला बघितलं, मेंढ्यांना बघितलं आणि आपाची काठी कोपऱ्यातून काढून दिली. "एजे, लाल घळीच्या पलीकडं नका जाऊ."

"मला शिकवतेस?" मी म्हटलं. आतून मी नाचत होते.

तो दिवस चांगला गेला. वाऱ्याला धार होती, पण ऊन होतं. नवं गवत टाचेएवढं आलं होतं. मेंढ्या चरताना जो आवाज होतो, कर्र कर्र, तो ऐकत मी काठीवर रेलून उभी होते. मी मेंढ्या मोजत नाही, तोंडं बघते. शंभर तोंडं असली तरी शंभर वेगळी असतात, जशी माणसांची. मेंढ्यांची तोंडं तर माणसांपेक्षा साधी, आतलं सगळं वर दिसतं. दुपारी पलीकडच्या गल्लीचा कळप वरून आला, दोन्ही कळप ओढ्यावर घटकाभर मिसळले. मी हाक घालून आमच्या वेगळ्या केल्या. मग आभाळ भरून आलं आणि बोचरं, अर्धं पाणी अर्धं बर्फ असं काहीतरी पडायला लागलं. मेंढ्या आपणच खाली पळायला लागल्या. मी मागे धावले.

पुलावर माणसं उभी होती. बेइशेन आबा आणि दोघं काठ्या आडव्या धरून एकेक मेंढी सोडत होते आणि मोजत होते. बेइशेन आबा साठीचे, गल्लीत सगळ्यात मोठा कळप त्यांचा, आणि जीभ म्हणाल तर वस्तरा.

"एकशे बेचाळीस," ते म्हणाले. "बरोबर. शाब्बास बुरूल, जा घरी, भिजलीस."

"तुमची वाकड्या ओठाची नाही, आबा."

"मोजल्या ना आत्ता."

"मोजल्या असतील. ती नाही."

एक जण हसला. "आज वीसच्या पुढं गेलीस काय गं बुरूल? शाळेत घालायला पाहिजे परत."

सगळे हसले. मी कळपात घुसले, एका काळ्या तोंडाच्या मेंढीचा मागचा पाय धरला आणि ओढत आणली. "हिचा कान बघा. ही कोणाची?"

आमच्याकडे प्रत्येक घर आपल्या कोकरांच्या कानाला आपली खूण कापतं. आबांनी मेंढीचा कान अंगठ्याने पालथा केला. डावा कान, दोन खाचा. ती पलीकडच्या गल्लीची होती. आकडा तिने भरला होता.

"हात् तिच्या," आबा म्हणाले. मग आभाळाकडे बघून म्हणाले, "आता कुठं जाणार ह्या पावसात. सकाळी बघू. लांडग्याच्या नशिबात असेल तर त्याची."

ते आपापल्या मेंढ्या हाकत गेले. वाकड्या ओठाची गाभण होती आणि दुपारी लाल घळीपाशी मागे मागे राहत होती, हे मला तेव्हा आठवलं. मला उशिरा आठवतं. मी आमच्या अठरा मेंढ्या दारात लोटल्या आणि तशीच परत फिरले. जिपारला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने बसा म्हटलं असतं.

ती घळीतच होती. एका कपारीत, वाऱ्याला पाठ करून, आणि तिच्या पुढ्यात ओलं, पिवळं कोकरू. ती त्याला चाटत होती, पाऊस त्याला परत भिजवत होता, ती परत चाटत होती. मी कोकरू उचललं, नाकातोंडातला बुळबुळीतपणा बोटाने काढला, कोटाची बटणं सोडून पोटाशी धरलं. त्याचं काळीज माझ्या कातडीला लागत होतं. मेंढी ओरडत माझ्या मागे मागे आली. मला वाटलं, आता हे सगळे बघतील. हे बघितल्यावर कोण मला पाठवेल?

अंधार पडता पडता खालून बॅटऱ्या येताना दिसल्या. सगळ्यात पुढे कुबात होता, शहरातून नुकताच आलेला, शहरातल्याच बुटांत. मी ओरडले, "सुयुंचू! सुयुंचू, बेइशेन आबा!" चांगली बातमी आणणाऱ्याने असं ओरडायचं असतं, मग ज्याची बातमी त्याने त्याला काहीतरी द्यायचं असतं.

कुबातने माझे दोन्ही दंड धरून मला हलवलं. "एकटी! ओढ्याला पाणी चढलंय, दिसत नाही तुला? मेली असतीस!" तो ओरडत होता आणि त्याच्या तोंडावरून पाणी वाहत होतं, ते सगळं पावसाचं नव्हतं. मी कोट उघडून त्याला कोकरू दाखवलं. त्याने बघितलं नाही. माझं मनगट धरलं आणि गावापर्यंत सोडलं नाही, जसं रस्ता ओलांडताना पोरांचं धरतात. सगळी माणसं मागे चालत होती. मला लाज वाटली.

पुलावर बेइशेन आबांनी आम्हाला थांबवलं. मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला, कोकरू बघितलं.

"हे तुझंच गं पोरी. सुयुंचू मागितलीस ना? तुझंच." मग ते कुबातला म्हणाले, "अरे, तू खुशाल जा मॉस्कोला. हिला माझ्याकडं ठेव. उन्हाळ्यात वरच्या कुरणावर नेतो, मेंढ्या बघेल, आमच्या म्हातारीजवळ झोपेल. आम्ही खाऊ ते खाईल. असली नजर मला पगार देऊनही मिळायची नाही."

बाकीच्यांनी माना हलवल्या. माझ्या छातीत इतकं धडधडलं की कोकरू दचकलं. मी म्हटलं, "मला जायचंय आबांकडं."

कुबातचा चेहरा बॅटरीच्या उजेडात पांढरा पडला. "माझी बहीण तुमच्या दारात चाकर म्हणून?"

"चाकर कुठं म्हणालो मी?"

"मग काय म्हणायचं असतं त्याला? आईचं वर्षाचं जेवण झालं नाही अजून, आणि मी बहिणीला मेंढ्यांमागं सोडून गेलो? गाव थुंकेल तोंडावर."

"गावाचं मी बघतो. तिला तर विचार."

"तिला काय कळतं!" कुबात म्हणाला.

बेइशेन आबांनी माझ्या कोटातून कोकरू हळूच काढून घेतलं. "आईजवळ राहू दे," ते म्हणाले. "तुझंच आहे, पण दूध तिच्याकडं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा मेंढवाड्यात गेले आणि विटा कापायला लागले. पुढच्या हिवाळ्यात आमच्या धुराड्यातून धूर निघणार नव्हता, तरी कापल्या. कुबात आला, दुसरं फावडं घेतलं, दोन विटा मोडल्या आणि फावडं टाकून दिलं.

"एजे, रागावलीस?"

"हो."

"आबांच्या दारात तुला ठेवलं ना, की उद्या जो तो म्हणेल, हे बघा, बहिणीला पाळीवर लावून पळाला. सरकारी घरात असलीस की निदान म्हणतील, सोय करून गेला. काल तू एकटी डोंगरात गेलीस. मी तिकडं असताना गेलीस तर? मला तिथं झोप लागेल का?"

मी वीट उचलून रचली. त्याच्या लग्नाची आठवण आली. जिपारच्या माहेरची माणसं आली तेव्हा मला मागच्या कोठारात बसवलं होतं, वाडगाभर मांस देऊन. बाहेर गाणी चालली होती. मांस चांगलं होतं. कुबात मध्येच आला होता, नवरदेवाच्या टोपीत, आणि माझ्याजवळ पिठाच्या पोत्यावर बसून रडला होता. तेव्हाही लोक काय म्हणतील हेच होतं. लोकांना तो फार भितो. मेंढ्यांवर येणाऱ्या लांडग्यालासुद्धा इतका भीत नाही.

"तू नको म्हण," तो म्हणाला. "आत्ता म्हण, मी पासपोर्ट फाडतो. इथंच राहू सगळे."

मी त्याच्या हातांकडे बघितलं. बर्फ फोडून फोडून बोटांची पेरं फुटली होती, अजून भरली नव्हती. आत धाकटा खोकत होता. पोरगी मेंढवाड्याच्या दारात उभी होती, तिच्या बुटाच्या टोकातून अंगठा बाहेर आला होता आणि ती तो हलवून बघत होती. अठरा मेंढ्या, त्याही विकलेल्या. मला वेळ लागतो.

मला तीन दिवस लागले. तीन दिवस मी रोज बेइशेन आबांच्या वाड्यापाशी जाऊन कोकराला बघत होते. ते उभं राहायला लागलं, मग उड्या मारायला लागलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कुबातला म्हटलं, "मी जाते त्या घरात."

"खरंच?"

"गरम पाणी आहे म्हणालास ना. मला गरम पाणी आवडतं."

त्याचा चेहरा असा उजळला की मला त्याचा लहानपणचा चेहरा दिसला. "बघ, मी म्हणत होतो! तुला आवडेल तिथं, बघच तू." जिपार पीठ मळत होती. तिने मान खाली घातली आणि परातीतच पीठ दाबत राहिली, कितीतरी वेळ. मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले होते आणि ते कोणी पकडलं नव्हतं. एरवी माझं सगळं पकडतात.

निघायच्या दिवशी जिपारने पहाटे रोट्या भाजल्या. गाडी दारात उभी होती. सामान चढलं. मग ती एक गोल रोटी दोन्ही हातांवर घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. बेइशेन आबा आणि त्यांची म्हातारी निरोपाला आली होती. कुबातने वाकून रोटीचा घास तोडला. जिपारने तोडला. पोरीने तोडला, धाकट्याच्या तोंडाला कड लावली, त्याने नुसती ओली केली.

मी रांगेत धाकट्याच्या मागे उभी होते. डोक्याचा रुमाल नीट केला होता. बूट बघितले होते, बरोबर होते. जिपारने रोटी फडक्यात गुंडाळली.

"मी राहिले," मी म्हटलं.

जिपारने कुबातकडे बघितलं. कुबात घाईघाईने म्हणाला, "एजे, तू कुठं लांब चाललीस? तालुक्याच्या पुढं तर आहे. ही लांब जाणाऱ्यांची असते."

लांब जाणाऱ्यांची असते ते मला माहीत होतं. परत येणाऱ्यांची असते, तेही माहीत होतं. बेइशेन आबांनी खाकरून दुसरीकडे तोंड केलं. "आण इकडं," ते जिपारला म्हणाले, "तुमच्या घराला कुलूप. माझ्या भिंतीवर टांगतो."

"नको," मी म्हटलं. "मी राखते."

"एजे, तिथं कुठं—"

"फौजेच्या वेळी कोणी राखली होती?"

जिपारने रोटी माझ्या हातात दिली. मग तिने माझ्या रुमालाची गाठ, जी नीटच होती, सोडून परत बांधली. तिचे हात गार होते. आबांची म्हातारी रडायला लागली. मी गाडीत मागे बसले, रोटी मांडीवर. गल्लीच्या टोकाला मेंढ्या पाळीवर निघाल्या होत्या. वाकड्या ओठाची दिसली, तिच्या मागे कोकरू. त्याच्या कानाला अजून कोणाचीच खूण नव्हती.

सरकारी घर पिवळ्या रंगाचं होतं. फाटकाशी एक बाई आल्या, तोंडावरून बऱ्या वाटल्या. कुबातने कागद दिले, माझी पिशवी दिली. जिपार आणि पोरं गाडीतच होती. तो माझ्यासमोर उभा राहिला आणि त्याचे ओठ थरथरायला लागले. आता हा मोडणार, हे मला दिसलं. एरवी मला उशिरा दिसतं, तेव्हा लगेच दिसलं. तो मोडला असता तर पासपोर्ट फाडला असता, आणि मग पुढच्या फेब्रुवारीत आम्ही सगळे चुलीपाशी अठरातल्या किती उठतात ते बघत बसलो असतो. त्या अठराही आमच्या नव्हत्या.

मी त्याचं नाक माझ्या बाहीने पुसलं, पूर्वी पुसायची तसं. "जा," मी म्हटलं. "खिडक्या केवढ्या आहेत बघ. मला आवडलं."

त्याने मला छातीशी धरलं. मग तो गाडीकडे गेला. दार उघडताना त्याने ड्रायव्हरला म्हटलेलं मला ऐकू आलं, वारा माझ्याकडेच होता. "बरं आहे एका अर्थी. तिला फारसं कळत नाही."

गाडी वळली. मी हात केला. त्याने ते वाक्य आपल्याबरोबर नेलं म्हणून मला रागही आला आणि बरंही वाटलं. मॉस्कोत झोप लागायला त्याला काहीतरी हवंच होतं.

बाईंनी मला खोली दाखवली. सहा खाटा, माझी खिडकीजवळची. शेजारच्या खाटेवर एक म्हातारी लोकर पिंजत होती, तिने माझ्याकडे बघून मान हलवली. बाईंनी माझ्या हातातल्या फडक्याकडे बोट केलं. "खायचं आहे का? गरम करून आणू?"

"खायची नाही ती. टांगायची आहे." मी फडकं उघडून दाखवलं. "हा घास कुबातचा. हा जिपारचा. हा पोरीचा. आणि इथं ओलं दिसतं ना, ते धाकट्याचं."

बाईंनी रोटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आणि तुमचा कुठला?"

"माझा कसा असेल?" मी म्हटलं. "जी राखते तिने चावायची नसते. मला एक खिळा द्या. आणि जरा उंच ठोका, इथं उंदीर असतील."